एका फोडीचा भाव

बिल आलं १९,४०० रुपयांचं. दोघांचं मिळून, टॅक्स आणि सर्व्हिस चार्ज धरून. मी कार्ड दिलं, पिन टाकला आणि वेटरला म्हणालो, "फार छान होतं." मनापासून म्हणालो. खरंच छान होतं, हे आधीच सांगून टाकतो. कारण अशा जेवणावर मराठीत लिहायचं म्हटलं की शेवटी ‘आणि मग बाहेर येऊन आम्ही वडापाव हाणला’ हा विनोद करावाच लागतो, असा जणू नियम आहे. आम्ही वडापाव हाणला नाही. नऊ कोर्स झाल्यावर पोट गच्च भरलं होतं. तक्रार पोटाची नव्हतीच.

मी जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातला. घरी साडेचार एकर रान, त्यातली दोन एकर मोसंबी. वय २८. इंजिनिअरिंग औरंगाबादला केलं (तेव्हा ते औरंगाबादच होतं), आता पुण्यात हिंजवडीला कोड लिहितो. मुंबईतल्या या हॉटेलात पहिल्यांदा गेलो ते कंपनीच्या पैशाने. फ्रान्समधला क्लायंट आला होता, त्याला खूश करायचं होतं, आणि टीममधले आम्ही तिघं शोभेला होतो. त्या वेळचं पापपुण्य फायनान्स डिपार्टमेंटच्या नावावर. दुसऱ्यांदा मात्र मी माझ्या पैशाने गेलो. लग्नाचा पहिला वाढदिवस, बायकोला घेऊन, पुण्याहून मुंबईला, खास तेवढ्यासाठी. हा लेख त्या दुसऱ्या वेळेबद्दल आहे.

जेवण फ्रेंच, पण हाताला जपानी वळण. पहिल्यांदा एका छोट्या वाटीत अंड्याचं कस्टर्ड आलं. जपानमध्ये याला चवानमुशी म्हणतात. कोंबू नावाचं समुद्री शेवाळ आणि सुकवून किसलेला मासा यांचं पाणी काढतात, ती दाशी. तिच्यात अंडं फेटून वाफवतात. त्यावर इथे फ्रेंच पद्धतीने तासन् तास आटवलेला मशरूमचा रस घातला होता. चमचाभर. मीठ जाणवत नाही, तिखट नाही, मसाला नाही, तरी तोंड भरून येतं. या चवीला उमामी म्हणतात. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा नावाच्या टोकियोतल्या केमिस्टने कोंबूच्या पाण्यातून ती शोधून काढली. पुढे लोण्याच्या सॉसमध्ये मिसो आला. मिसो म्हणजे आंबवलेलं सोयाबीन. आमच्याकडे सोयाबीन पोत्यांनी विकतात. ते माणसं खातात, हे मला पुण्यात आल्यावर कळलं.

पाचवा कोर्स रावसाचा होता. तळहाताच्या निम्म्या आकाराचा तुकडा, खाली मिसो आणि लोण्याचा सॉस, वर मोसंबीची एक फोड. एकच. तिच्यावरची पातळ साल सोलून काढलेली, एक बाजू ज्योतीवर जरा करपवलेली. वेटरने ताटली ठेवली आणि इंग्रजीत सांगितलं, की शेफ जपानमध्ये इथे यूझू नावाचं आंबट फळ वापरतात, पण इथे आम्ही जालन्याची मोसंबी वापरतो.

मी बायकोकडे पाहिलं. ती हसायला लागली.

जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये जीआय टॅग मिळाला आहे, त्यामुळे तिचं नाव मेन्यूत येणं तसं आश्चर्याचं नाही. पण मला ते वेटरच्या तोंडून ऐकताना शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाव पुकारल्यासारखं वाटलं. मी आयुष्यात हजारो मोसंब्या खाल्ल्या असतील. बहुतेक उभ्याने, बांधावर, विळ्याने अर्धी कापून, रस कोपरापर्यंत ओघळत. या एका फोडीला जेवढं लक्ष दिलं तेवढं मी आजवर एकाही मोसंबीला दिलं नव्हतं. करपलेल्या साखरेची किंचित कडू चव, मग गोड, मग मासा, मग लोणी. कुणीतरी स्वयंपाकघरात बसून ठरवलं होतं की या फळाचं हे एवढंच हवं, याहून जास्त नको. ते बरोबर होतं. दोन फोडी असत्या तर बिघडलं असतं.

गेल्या हंगामात आमची बाग गेली ती टनाला १८,००० रुपये भावाने. म्हणजे आमचं बिल झालं एक टनाहून जास्त मोसंबी. टनात पाच हजारांच्या वर फळं बसतात. हा हिशोब मी टेबलावरच केला. आमच्या घरातला कुणीही केला असता.

‘एवढंच हवं’ हे फ्रेंचांना आधी मान्य नव्हतं. त्यांचं अभिजात जेवण म्हणजे लोणी, साय, आणि पीठ परतून दाट केलेले सॉस. आपल्या मराठवाड्याची येसर आमटी पीठ-मसाला भाजून दाट करतात, तत्त्व साधारण तेच. लग्नात ती भाताच्या ढिगावर ओततात, तेही तसंच. मग पॉल बोक्यूज, त्र्वाग्रो बंधू, मिशेल गेरार यांच्यासारखे शेफ हलकं आणि ताजं शिजवू लागले. १९७३ मध्ये गो आणि मियो या दोन समीक्षकांनी त्या पद्धतीला ‘नुव्हेल क्विझीन’ म्हणून तिचे नियमच छापले. जास्त शिजवू नका, पिठाचे जड सॉस सोडा, मेन्यू छोटा ठेवा. यात जपानचा वाटा किती यावर वाद घालता येईल, पण संबंध होता. शिझुओ त्सुजी नावाच्या माजी पत्रकाराने १९६० मध्ये ओसाकाला स्वयंपाकाची शाळा काढली. बोक्यूजसारखे लोक तिथे शिकवायला जायचे आणि तिथलं जेवण पाहून यायचे. उलट बाजूने जपानी पोरं फ्रान्सच्या हॉटेलांत राबायला गेली. जोएल रोबुशाँ यांनी २००३ मध्ये पॅरिस आणि टोकियोत हॉटेलं काढली, त्यात टेबलांऐवजी सुशीच्या दुकानासारखं काउंटर ठेवलं, म्हणजे गिऱ्हाईक चुलीसमोरच बसणार. आणि २०२० मध्ये पॅरिसमधल्या केई कोबायाशींना मिशेलिनचे तीन तारे मिळाले. फ्रान्समध्ये ते मिळवणारे ते पहिले जपानी शेफ.

आपल्याकडे हे उशिरा आलं. मुंबईच्या ताजमध्ये २००४ ला ‘वसाबी बाय मोरिमोतो’ सुरू झालं. महालक्ष्मीला जुन्या गिरणीच्या आवारात २०१६ ला ‘मास्क’ सुरू झालं, जिथे भारतीय जिन्नसांचा टेस्टिंग मेन्यू मिळतो. तोपर्यंत एका बैठकीत नऊ-दहा छोट्या ताटल्या खायच्या, काय खायचं ते शेफ ठरवणार, ही गोष्ट शहरातल्या पगारदारांच्या ओळखीची व्हायला लागली होती. माझ्यासारख्यांच्या.

या छोट्या ताटल्यांचं मूळ जपानी काइसेकी जेवणात आहे असं म्हणतात. हे नाव मी त्या रात्री परतताना एक्स्प्रेसवेवर, गाडीत बसून मोबाईलवर शोधलं. काइसेकी ज्या दोन अक्षरांनी लिहितात त्यांचा अर्थ ‘छातीशी धरलेला दगड’ असा होतो. कथा अशी, की झेन मठातले भिक्षू एकदाच जेवायचे. रात्री भूक लागली की तापवलेला दगड अंगरख्याच्या आत पोटाशी धरायचे. म्हणजे भूक जरा मरते. चहाच्या समारंभाआधीचं साधं, मोजकं जेवण हे त्या दगडाएवढंच, पोटाला आधार देण्यापुरतं. आज काइसेकी हे जपानमधलं सर्वांत महागड्या जेवणांपैकी एक आहे.

मी ते वाचून फोन खाली ठेवला. मला आजी आठवली होती.

१९७२ च्या दुष्काळात आजी विशीतली होती, आप्पा कडेवर. दुष्काळी कामावर ती खडी फोडायला जायची. त्या काळात मराठवाड्यात घराघरांतली माणसं खडीवर आणि पाझर तलावांवर होती. खायला सुकडी मिळायची, आणि परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, मिलो. त्या मिलोची भाकर घशाखाली उतरायची नाही, असं ती अजून सांगते. सांगताना तोंड तसंच करते. कामाला बसायच्या आधी ती लुगडं कमरेला गच्च आवळून बांधायची. "पोट आवळलं की कळत न्हाई," असं तिचं स्पष्टीकरण. भिक्षूंनी दगड पोटाशी धरला, आजीने तो फोडला. भूक मारायची युक्ती दोघांचीही जवळजवळ एकच. एकीतून जगातली एक सुंदर पाककला निघाली. दुसरीतून आजीचा मणक्याचा आजार.

तर, एवढं महाग जेवावं का?

मी माझ्या बाजूने बोलून पाहिलं. पैसे माझे आहेत, कर भरून उरलेले आहेत. हे खरं आहे पण याने काहीच सिद्ध होत नाही. माझे आहेत म्हणून मी ते जाळूही शकतो, तेवढ्याने जाळणं बरोबर ठरत नाही. मग म्हटलं, यातून लोकांना काम मिळतं. मिळतं, पण काम मिळावं म्हणून मी गेलो नव्हतो. त्यातल्या त्यात टिकणारं कारण म्हणजे ही कला आहे. गाण्याच्या मैफलीचं महागडं तिकीट काढणाऱ्याला कुणी विचारत नाही की एवढ्यात किती पोरांची फी झाली असती. मासा नेमक्या क्षणी आचेवरून काढणाऱ्या माणसाच्या हातात पंधरा-वीस वर्षांचा रियाज असतो. तो आदराला पात्र आहे, आणि आदर फुकट दाखवता येत नाही.

पण मैफल संपल्यावर सूर कुणाच्या पोटातून काढून घेतलेला नसतो. अन्नाचं वेगळं आहे. निदान आमच्याकडे वेगळं आहे. ताटात टाकलं तर आजी अजून रागावते. जिल्हा परिषदेच्या शाळेत आम्ही खिचडीपुढे हात जोडून श्लोक म्हणायचो. महागड्या बुटांवर मला कधी लेख लिहावासा वाटला नाही. माझ्याकडे आहेत तसे.

इथपर्यंत लेख लिहून झाला होता आणि तो तसा बरा वाटत होता. एक गोष्ट मी त्यात लिहिली नव्हती.

त्या शनिवारी आम्ही मुंबईला गेलो. त्याआधी मंगळवारी आप्पांचा फोन आला होता. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाले, "बोअरची मोटर जळाली बघ." मी विचारलं, किती लागतील? मोटर वर काढायला गाडी, वायंडिंग, केबल, सगळं धरून नऊएक हजार. एप्रिल महिना. झाडावर आंबिया बहाराची फळं लिंबाएवढी झालेली. "बघतो," आप्पा म्हणाले, "वायंडिंगवाला वळखीचा हाय. थांबंल पैशाला." आमच्या घरात पैसे असेच मागतात. न मागता.

मी म्हणालो, "पगार झाला की पाठवतो."

पगार व्हायला तेरा दिवस होते. हॉटेलचं बुकिंग झालेलं होतं. आणि खात्यात पैसे होते. हे वाक्य लिहायला मला तीन आठवडे लागले. खात्यात लाखाच्या वर पैसे होते. जेवण होऊन मोटर दुरुस्त झाली असती आणि नंतर ईएमआयही गेला असता. मग का नाही पाठवले? मला वाटतं, एकाच आठवड्यात दोन्ही खर्च नको, असा एक आळशी विचार डोक्यात आला आणि मी त्याला तपासलंच नाही. आप्पांनी मागितले नाहीत, हे मला सोयीचं पडलं.

वायंडिंगवाला थांबला, पण गाडीवाला थांबला नाही. बागेला पाणी सुरू व्हायला नऊ दिवस गेले. मी ती करपवलेली फोड खाल्ली तो पाचवा दिवस होता. नंतर फळांची गळ झाली. गळ दरवर्षीच होते. यंदाची किती उन्हाने आणि किती पाण्यावाचून, हे झाड सांगत नाही.

पीटर सिंगर या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाचा एक निबंध प्रसिद्ध आहे. बंगालमधल्या निर्वासितांच्या उपासमारीवरून लिहिलेला आणि योगायोगाने छापून आलेला १९७२ मध्ये, आजी खडी फोडत होती त्या वर्षी. त्यातलं उदाहरण असं: उथळ तळ्यात एक मूल बुडतंय, तुम्ही शेजारून चाललाय, वाचवायला गेलात तर कपडे चिखलाने खराब होतील. तुम्ही जाणारच. मग मूल हजारो मैलांवर असेल, तर अंतराने नेमकं काय बदलतं? हा युक्तिवाद मान्य केला तर माझं जेवण उभं राहत नाही. पण मग हा फोनही उभा राहत नाही, ओटीटीही नाही, शुक्रवारची बिर्याणीही नाही. माझे मित्र इथेच थांबतात. ‘मग काय, संन्यास घ्यायचा का?’ आणि विषय संपतो.

मीही बरेच दिवस तिथेच थांबलो होतो. जग किती विषम आहे, एका फोडीमागे किती घाम आहे, वगैरे विचार करत होतो. तो विचार करताना मला स्वतःबद्दल जरा बरंही वाटत होतं, हे कबूल करतो. माझं तळं हजारो मैलांवर नव्हतं. अंबड तालुक्यात होतं, गट नंबर मला पाठ आहे, आणि कपडे खराब होण्याचाही प्रश्न नव्हता. यूपीआयवर चार बोटं फिरवायची होती. मोठ्या प्रश्नाच्या सावलीत मी छोटं काम टाळून बसलो होतो.

बायकोने हे माझ्या आधी ओळखलं. ती पुण्याची, नोकरी करते, त्या बिलातले अर्धे पैसे तिने नंतर मला पाठवलेही. ती म्हणाली, "तू आप्पांना ‘पगार झाला की’ म्हणालास तेव्हा मी तुझ्याकडे बघितलं होतं. तू बघितलं नाहीस. जेवण चूक होतं असं तुला वाटतच नाहीये. आप्पांना बिल कळेल याची भीती वाटतेय."

ती बरोबर होती, पण पूर्ण नाही, असं मला अजून वाटतं. आप्पांना नऊ हजार त्याच दिवशी पाठवले असते तरी ती ताटली मला पूर्ण निर्धास्तपणे खाता आली नसती. त्याचं कारण मला शेतात सापडलं.

मोसंबीला आंबिया बहार धरायचा तर झाडाला ताण द्यावा लागतो. पावसाळा सरल्यावर पाणी तोडायचं. जमीन बघून महिना, दीड महिना, दोन महिने. पानं पिवळी पडतात, गळायला लागतात. बाहेरच्या माणसाला वाटेल बाग मेली. मग आंबवणीचं हलकं पाणी, त्यानंतर चिंबवणीचं, आणि जानेवारीत झाड पांढरं होतं फुलांनी. पाणी न देणं हेच तिथलं कसब आहे. आप्पा त्यात वाकबगार आहेत. कमी देण्याची कला म्हणजे काय हे मला कुठल्याही फ्रेंच किंवा जपानी माणसाने शिकवायची गरज नव्हती.

२०१३ मध्ये मी दहावीला होतो. जालना शहराला प्यायला टँकरने पाणी येत होतं. बागांना कुठून येणार? त्या वर्षीही झाडाची पानं पिवळी पडली, गळाली. दिसायला अगदी ताण दिल्यासारखीच. फक्त विहिरीत पाणी नव्हतं. जिल्ह्यात कित्येकांनी उभ्या बागा तोडल्या. आम्ही दीडशे झाडं तोडली, मी आणि आप्पांनी. आजची बाग ही त्यानंतर लावलेली. तोडताना आप्पा एक शब्द बोलले नाहीत. लाकूड वीटभट्टीवाल्याने नेलं.

ताण आणि दुष्काळ यांत झाडाच्या बाजूने फरक एवढाच, की ताण संपवणारं पाणी कुणाच्या तरी हातात असतं. ताटलीतल्या एका फोडीकडे बघताना मला हेच दिसत होतं, फक्त तेव्हा शब्द सापडले नव्हते. ती फोड मला सुंदर वाटली कारण तिच्यानंतर चार कोर्स यायचे होते, आणि तेही कमी पडले तर बाहेर मुंबई उघडी होती. माझ्या विहिरीत पाणी होतं. ते त्या आठवड्यात पाइपलाइनने गावाकडे सोडायचं मी लांबवलं.

पुन्हा जाईन का? बहुतेक जाईन. हे वाचून ज्यांना राग येईल त्यांचा राग मला समजतो. मला त्या शेफचा हात आवडतो आणि तो खोटा आहे असं मी म्हणणार नाही. पण मोठा प्रश्नही सुटलेला नाही. तो दर वेळी मेन्यूबरोबर टेबलावर येणार.

गेल्या डिसेंबरात गावी गेलो तेव्हा आप्पांना सांगितलं. बागेतच होतो. बिलाचा आकडा सांगितला.

"एका टायमाचे?"

"हो."

"दोघांचे."

"हो."

ते थोडा वेळ गप्प राहिले. हिशोब चालला असणार, टनाचा. मग म्हणाले, "एप्रिलात म्हंजे मृगाची मोसंबी. जून झालेली असती. साल जाड. कशी लागली?"

"चांगली लागली."

मग मी तेही सांगितलं, की तुमचा फोन आला तेव्हा खात्यात पैसे होते. आप्पा झाडाच्या आळ्यातली माती पायाने सारखी करत होते. "म्हणलं, असंल काही अडचण तुझी," ते म्हणाले.

मी म्हणालो, नवीन मोटर घेऊ, मी आजच पैसे टाकतो. त्यावर ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. घरी आजीला नातसून जेवणाचं वर्णन करून सांगत होती. आजीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, भाकर होती का तिथं? नव्हती म्हटल्यावर तिचा त्या जेवणातला रस संपला.

संध्याकाळी आप्पांबरोबर परत बागेत गेलो. पाणी तोडून महिना होत आला होता, पानं मलूल व्हायला लागली होती. एरवी आमच्या जमिनीत ते दीड महिना ताण देतात. एका झाडाचं पान त्यांनी दोन बोटांत धरून पाहिलं, मग व्हॉल्व्हपाशी जाऊन उकिडवे बसले.

"औंदा लवकर सोडू पाणी," ते म्हणाले. "मोटरीचा भरवसा न्हाई."